दुसऱ्या किल्लीचा नारळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस इंदापूर तालुक्यातच काय, नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या सगळ्या मुलखात सापडायचा नाही. त्या दोन नद्यासुद्धा नरसिंहपूरला एकमेकींना विचारूनच मिळाल्या असाव्यात, असं त्यांचं मत आहे. एकट्यावर भरवसा ठेवू नये, आणि तो एकटा आपण स्वतः असलो तर मुळीच ठेवू नये, एवढ्या एका सूत्रावर या माणसाने आपलं आयुष्य काढलं. पायजम्याला नाडी असते, त्यावर पट्टाही असतो. घरात गजराची दोन घड्याळं आहेत. ती कधीच जुळत नाहीत, म्हणून मामा दोन्ही बघून मधली वेळ धरतात आणि सणसरच्या फाट्यावर एसटी चुकवतात. दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली मामांच्या करदोट्याला, दुसऱ्याची मामींच्या कमरेला. त्यामुळे मामी माहेरी गेल्या की मामा ओसरीवर झोपतात आणि घर कसं सुरक्षित आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

दुखणं आलं की ते एका डॉक्टरला इंदापुरात दाखवतात आणि एकाला बारामतीत. दोघांनी वेगवेगळी औषधं दिली तर घोटाळा, आणि एकच औषध दिलं तर त्याहून मोठा घोटाळा. "दोघं मिळाल्यालं दिसत्यात," असं म्हणून ते मामींचा काढा घेतात. माझं लग्न ठरायच्या वेळी ते माझी चौकशी करायला बारामतीला आले होते. आमच्या गल्लीतल्या चहावाल्याने सांगितलं, पोरगा बरा आहे. शिंप्याने सांगितलं, माप देताना पोट आत घेतो. साक्षी जुळेनात, म्हणून मामांनी न्हाव्याला विचारलं. न्हावी काय बोलला ते मला आजवर कळलेलं नाही, पण लग्न झालं, आणि तेव्हापासून मी मामांचा 'जावईबापू' झालो. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते तेव्हा त्यांच्या एकट्याच्या सहीवर खिळासुद्धा बाहेर जात नसे. दुसरी सही आणायला माणूस गेला की हे खिळ्याजवळ बसून राहत.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, कुणाला न विचारता निकाल दिला, आणि तो त्यांना भलताच महागात पडला. गावच्या यात्रेत कुस्त्यांचे पंच म्हणून मामा उभे होते. त्यांचे जिवाभावाचे मित्र तात्या दुसरे पंच होते. शेवटची कुस्ती तात्यांच्या पुतण्याची होती. धूळ उडाली, एक पैलवान खाली गेला आणि मामा ओरडले, "पाठ टेकली." पुतण्या हरला. तात्या म्हणाले, टेकली नाही. मामा म्हणाले, टेकली. त्या संध्याकाळपासून दोघांचं बोलणं बंद झालं. दोघांची घरं समोरासमोर, अंगणात तोंडं धुताना चेहरे एकमेकांकडे, पण शब्द नाही.

गावाने मात्र या भांडणाचा झकास उपयोग करून घेतला. आमच्या मामांच्या गावची एक जुनी रीत आहे. देवळातल्या दानपेटीला दोन कुलपं असतात, आणि त्यांच्या किल्ल्या ज्यांचं आपसात पटत नाही अशाच दोन घरांत ठेवायच्या. मित्र संगनमत करतील, वैरी कसे करणार? मामा आणि तात्या मित्र होते तोवर त्यांना कुणी किल्लीच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं. भांडण झालं आणि पुढच्याच बैठकीत गावाने मोठ्या विश्वासाने दोघांच्या हातात किल्ल्या ठेवल्या. पहिली मामांकडे, दुसरी तात्यांकडे. दुसरा किल्लीवाला काम सोडून निव्वळ खात्री करायला येतो, म्हणून दर यात्रेनंतर पेटी उघडून झाली की त्याला मानाचा नारळ द्यायचा. मामा गुरवाला म्हणायचे, "त्येला सांग, कुलूप काड." तात्या गुरवाला म्हणायचे, "त्येला सांग, काडलंय." गुरव मधे उभा राहून दोघांकडे नुसता मान हलवायचा.

आता या कथेत बिटकॉइन कुठून आलं? ते मामांच्या लेकीने आणलं. ती परदेशात असते. तिने तिच्या मुलीसाठी थोडं बिटकॉइन घेऊन ठेवलं होतं आणि ते सांभाळायला द्यायचं तर आपल्या बापाइतका सावध माणूस पृथ्वीवर नाही, असं तिच्या मनाने घेतलं. त्यात चूक काहीच नव्हती. नात शिकायला लागली की तिला पाठवायचं, तोवर मामांनी राखायचं. मामांनी ते नाणं कधी पाहिलं नाही, पाहता येत नाही हे कळल्यावर त्यांना उलट बरंच वाटलं. जे दिसत नाही ते चोराला तरी कसं दिसणार? लेकीने त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वॉलेट, म्हणजे त्या नाण्याचं पाकीट, उघडून दिलं तेही त्यांच्या स्वभावाला साजेसं, दोन सह्यांचं.

काही वर्षांनी नातीचा कॉलेजात प्रवेश झाला तेव्हा पाठवणी करायला मामांनी मला बोलावलं. मी रक्कम घातली, तर पडद्यावर वरचा जादा आकडा दिसला. मामांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. "ह्ये काय हाय?"

मी समजावलं. बाहेर काही पाठवायचं तर दोन सह्या लागतात. एक या कॉम्प्युटरची, दुसरी त्या सोय पुरवणाऱ्या कंपनीची. तुमच्या मोबाईलवर दर वेळी बदलणारे आकडे येतात, ते टाकले की कंपनीची खात्री पटते आणि ती सही करते. त्या सहीची ही फी. नेटवर्कचा खर्च तो वेगळा.

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजी कंपनी दुसरा किल्लीवाला. अन् ही फी म्हंजी तात्याचा नारळ."

इतकं सोपं मला स्वतःलाही सुचलं नव्हतं. मी खूश होऊन पुढे बोललो, आणि तिथेच चुकलो. ही फी एकेका पाठवणीची नसते, पुढच्या बऱ्याच पाठवण्यांची मिळून पहिल्यांदाच आगाऊ घेतात, असं मी सांगितलं.

"आगाऊ?" मामा खुर्चीवरून उठले. "पेटी उघडायच्या आदी नारळ? पुढच्या धा यात्रंचं नारळ आत्ताच? न्हाय जावईबापू. त्यो तात्या माजा वैरी हाय, पन त्यानंबी आसं कदी मागितलं न्हाय."

मी म्हटलं, नातीचं काम अडेल. मामा म्हणाले, दोन माणसांना विचारतो. त्यांनी इंदापुरातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, फी रास्त आहे. बारामतीतल्या एकाला विचारलं, तोही रास्तच म्हणाला. झालं, दोघं मिळालेले. या विचारविनिमयात दिवस गेले, आणि एका सकाळी पाटाला पाणी आलं का बघायला वाकताना मामांच्या खिशातला मोबाईल पाटात पडला. पाणी आलेलं होतं. आकडे दाखवणारी सोय त्या एकाच मोबाईलवर होती. प्रत्येक गोष्ट दोन ठेवणाऱ्या माणसाने मोबाईल तेवढा एकच ठेवला होता, कारण दुसरा घेतला तर दोन्ही एकदमच वाजतील अशी त्यांना भीती.

मी म्हटलं, घाबरू नका. वॉलेट उघडताना इंग्रजी शब्दांची एक माळ मिळते, तिच्यात दोन्ही सह्यांपुरत्या किल्ल्या असतात. ते शब्द क्रमाने टाकले की कंपनीला न विचारता वॉलेट उघडतं आणि फीसुद्धा पडत नाही. शब्द कुठे आहेत?

मामांनी देवघरातला पितळी तांब्या आणून उलटा केला. बुडावर नाव घालतात तसे इंग्रजी शब्द कोरलेले होते. कागद जळतो, भिजतो, उंदीर खातो. पितळेला काही होत नाही. आठवडे बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून त्यांनी ते कोरून घेतले होते, आणि "नवरा-नवरीची नावं लईच लांबडी हायती," असं तो म्हणाला म्हणे. पण शब्द निम्मेच होते.

"राहिलेले कुठे आहेत?" मी विचारलं.

मामा खिडकीतून समोरच्या घराकडे बघू लागले. तात्यांच्या नातवाच्या लग्नात मामींच्या हातून आहेर गेला होता, कारण आमच्याकडे बोलणं बंद झालं तरी आहेर बंद होत नाही. त्या आहेरात दुसरा तांब्या होता. "माज्या हातचं भांडं त्यो वापरनार न्हाय," मामा म्हणाले. "अन् आहेर हाय म्हनून टाकनारबी न्हाय. माळ्याव ठेवनार. त्येच्याइतकी भक्कम तिजोरी कुठं गावनार हाय?"

तिजोरी भक्कम होती, यात शंका नाही. फक्त ती उघडायला तात्यांशी बोलावं लागणार होतं. मामा दोन दिवस जेवले नाहीत. स्वतःचं असतं तर त्यांनी ते खुशाल पाटात सोडून दिलं असतं. पण ही नातीची ठेव होती, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू राखलेला माणूस ती बुडू कशी देणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि मला पुढे घालून रस्ता ओलांडला. मला त्या वेळी त्यांची फार दया आली.

तात्या ओसरीवर बसले होते. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, त्येंना म्हनावं, लग्नातला तांब्या बगायचाय."

तात्या शांतपणे म्हणाले, "पावनं, त्येला म्हनावं, मी हितंच बसलोय."

मी गुरवासारखी मान हलवली. मग तात्या आत गेले आणि तांब्या घेऊन आले. तो माळ्यावरचा नव्हता. चिंच लावून लख्ख घासलेला, पाण्याने भरलेला, रोजच्या वापरातला होता. त्यांनी पाणी ओतून तो पालथा केला. रोजच्या घासण्याने बुड गुळगुळीत झालं होतं आणि अक्षरांच्या जागी नुसते ओरखडे राहिले होते.

मामा एकदम तात्यांशीच बोलले. "वापरलास व्हय रं?"

"मंग काय माळ्याव ठिवू? तुजा आहेर हाय त्यो. रोज सकाळी ह्यातनंच पानी पितोय." तात्या खाली बसले. "पयल्या दिसापासनं अक्षरं बगतोय. नातवाला इचारलं तर म्हनला छत्री, भोपळा, शिडी, कांदा. कायबी मेळ लागंना. म्हटलं, ह्येला कायतरी सांगायचं आसंल, त्वांडानं जमत न्हाय. मंग पाठच करून ठिवलं." आणि ते डोळे मिटून, हरिपाठ म्हणावा तसे म्हणू लागले, "अम्ब्रेला, पम्पकिन, लॅडर, ओनियन..." सगळे म्हणाले.

मामा ओसरीच्या पायरीवर बसले. टोपी काढून हातात घेत त्यांनी विचारलं, "तात्या, पाठ टेकली व्हती का रं?"

"टेकली व्हती," तात्या म्हणाले. "मला काय दिसलं न्हवतं व्हय? पन शेजारी हुबा व्हतो मी. एकदा तरी इचारायचं व्हतंस."

मामांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. घरी येऊन मी शब्द टाकायला बसलो. एरवी मामांनी दुसरी साक्ष मागितली असती, पण या शब्दांना तात्यांच्या जिभेशिवाय साक्ष उरली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. "टाका," ते म्हणाले. वॉलेट उघडलं आणि नातीची ठेव नातीकडे गेली.

पुढे लेकीने पुन्हा काही ठेवायला दिलं तेव्हा मी म्हटलं, आता साधं वॉलेट घेऊ, जादा फी नको. मामांनी ऐकलं नाही. पुन्हा दोन सह्यांचंच घेतलं आणि आगाऊ फी बिनबोभाट भरली. "नक्की का म्हनून इचारनारा ठिवायचा म्हंजी त्येला नारळ द्याया लागतोय," असं मलाच समजावून सांगितलं.

दोघं बोलायला लागल्याची बातमी गावभर झाली आणि पुढच्या बैठकीत गावाने दोघांच्याही किल्ल्या काढून घेतल्या. आता त्या नव्याने भांडलेल्या दोन सख्ख्या भावांकडे आहेत. पेटी उघडायच्या दिवशी मामा आणि तात्या देवळाच्या पायरीवर लांब बसून बघतात. मधेच मामांचा हात सवयीने करदोट्याकडे जातो आणि रिकामा परत येतो. त्या दिवशी मामा आपल्या पैशाने एक नारळ आणतात आणि तात्यांच्या हातात ठेवतात. तात्यांना आता दात नाहीत, नजरही कमी झाली आहे. ते नारळ कानाशी नेऊन हलवतात, मग मामांकडे देत म्हणतात, "पानी हाय वाटतं. बग बरं तूबी." मामा हलवून ऐकतात आणि म्हणतात, "हाय."