जुन्या गेटवरची खुर्ची
ऑइलपेंटचा वास आला की मला राखोलीचा तो कारखाना आठवतो. नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि कारखान्याची वेबसाइट माझ्याकडे होती. तिच्यातल्या पानांचे आकड्यांनी भरलेले लांबलचक पत्ते मला खटकायचे, म्हणून एका दुपारी मी सगळे सुटसुटीत केले आणि जुने पुसून टाकले. आठवड्याभरात गिऱ्हाइकांचे चौकशीचे मेल थांबले. सर्चमध्ये आमचं नाव जुन्याच पत्त्यासह यायचं, पण दाबलं की ‘पान सापडलं नाही’. साहेबांना काय सांगायचं, या धास्तीने मी बाहेर येऊन उभी राहिले. कारखान्याचं गेट तेव्हा नुकतंच मागच्या रस्त्याला हलवलं होतं आणि नव्या गेटला निळा रंग देणं चालू होतं. तरी धुळ्याकडचे वॉचमन काका जुन्या, बंद गेटपाशीच खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, “काका, इथून आता कोण येतंय?” ते म्हणाले, “येतात ना ताई. डायवर लोकांना हेच ठिकाण पाठ आहे. इथं कोणी दिसलं नाही, तर कंपनी बंद पडली समजून गाडी परत नेतील. म्हणून मी बसतो, तिकडून घ्या सांगतो.” मी तशीच आत गेले. जुना प्रत्येक पत्ता परत उभा केला आणि तिथे येणाऱ्याला थेट नव्या पानावर पाठवायची सोय केली. हळूहळू मेल पुन्हा यायला लागले. काका पुढे गावी गेले. आभार मानायचे राहूनच गेले. आजही कुठल्या साइटचे पत्ते बदलायचे असले, की मी आधी जुन्या गेटवर त्यांची खुर्ची टाकते, मगच नवं गेट उघडते.