उजवीकडचं बटण

माणसाची निष्ठा विभागता येत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या साहेबांनी ते ऑफिसच्या परिपत्रकात लिहिलं होतं, आणि विषय होता लिनक्सचे डेस्कटॉप.

सिंगापुरात, नोव्हेनाला, इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी होतो. सगळ्यांच्या मशीनवर लिनक्स, आणि त्यावर ग्नोम नावाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची मांडणी, होता. माझ्याही. पण त्यात मी केट चालवायचो. केट हा केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा, कोड लिहायचा एडिटर; पुण्यात असल्यापासून दहा वर्षं माझ्या बोटांना तोच ठाऊक. परक्या घरी येताना तो स्वतःचं निम्मं बिऱ्हाड सोबत आणायचा आणि बाकीच्या खिडक्यांत विजोड दिसायचा. काम मात्र चोख करायचा.

साहेबही पुण्याचेच, पण नुकतेच सिंगापूरचे नागरिक झालेले. शुक्रवारपर्यंत सगळे परके प्रोग्रॅम काढा, असा त्यांचा हुकूम होता. मी केट काढला नाही. माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला त्याच महिन्यात त्यांची शिफारस लागणार होती. बुकित पंजांगला घरी जाताना बायकोने हे मला दोनदा ऐकवलं. पास जायचा तर जाऊ दे, केट जाणार नाही, असं मी तिला सांगितलं.

शुक्रवारी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. ऑफिसात ते कटाक्षाने इंग्रजी बोलत. रागवायला मात्र त्यांना मराठी लागे.

"अरे, इथे राहायचं तर इथल्यासारखं राहावं."

"सर, हेच एकदा इंग्रजीत सांगून बघा."

त्यांनी माझा माउस ओढून घेतला आणि केट बंद करायला गेले. फाइल सेव्ह करायची का, असं केटने विचारलं. आता, ग्नोममध्ये 'सेव्ह'चं बटण सगळ्यात उजवीकडे असतं. केडीईत त्या जागी 'कॅन्सल' असतं, म्हणजे बंद करणंच रद्द. साहेबांचा हात सवयीने, न वाचता, उजवीकडे गेला. खिडकी जागच्या जागी. पुन्हा बंद, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदाही तेच. मी हाताची घडी घालून बघत राहिलो.

"हे बंदच होत नाहीये."

"नाही होत, सर."

त्यांची मीटिंगची वेळ झाली होती. जाताना त्यांनी, कुणी काय काढलं त्याच्या यादीत, माझ्या नावापुढे 'तांत्रिक अपवाद' असं लिहिलं. पुढे पासही मिळाला.

ज्या फाइलसाठी केट एवढा अडून बसला होता, तिच्यात सेव्ह करण्यासारखं एवढंच होतं: चुकून पडलेली एक स्पेस.