न चाखलेला कोंडा

आदिलाबादेत राइस मिलच्या मागच्या रस्त्याने गेलं, की नुकत्याच निघालेल्या कोंड्याचा ऊबदार, गोडसर वास येतो. इतरांना तो बरा वाटत असेल. मला तिथे क्षणभर थांबवत नाही. पाय आपोआप भराभर पडू लागतात, आणि घरी पोचल्यावरही हातातली पिशवी कुठे ठेवावी ते सुचत नाही.

जवळच्याच जैनथकडे माझा मामा भाजीपाला पिकवायचा. मळ्याच्या कडेला त्याने तळं खणलं आणि रोहू-कटला माशांची पिल्लं सोडली. तयार खाद्याचा भाव ऐकून त्याने दुकानदारालाच हात जोडले होते. मग मिलमधला कोंडा, तांदळाची कणी आणि थोडी सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, कालवून तो पोत्यात भरी, पोत्याला भोकं पाडी आणि ते पाण्यात रोवलेल्या बांबूला बांधी. मासे ढुशा देत, खाद्य पाझरे, बांबू हले. तो हलू लागला की मामाचा चेहरा खुलायचा, कारण लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सारी मदार त्याने त्या माशांवर ठेवली होती.

कोंडा मात्र मोठा लहरी. दमट जागी चार दिवस राहिला की खवट होतो. म्हणून मामा प्रत्येक पोत्यातली चिमूट जिभेवर ठेवून पाही. त्याच्या घरात मासा कुणी खात नव्हतं, पण माशांचं जेवण आधी तो चाखायचा! मला त्याचं हसू यायचं आणि, खरं सांगतो, लाजही वाटायची. मी शिकलेला, नुकताच नोकरीला लागलेला ना.

एकदा मामा तापाने फणफणला आणि कोंडा आणायला मी गेलो. मिलच्या कोपऱ्यात पडून असलेली पोती स्वस्तात मिळाली. चार माणसांसमोर गुराढोरांचं खाणं तोंडात घालणं माझ्याच्याने होईना. परतलो तेव्हा मामाने अंथरुणातूनच विचारलं, "चाखून पाह्यला ना बाप्पा?"

"पाह्यला," मी म्हणालो.

त्यातलं एक पोतं मी बांबूला बांधलं, पण दोन दिवस बांबू हलला नाही. मी ते पाहिलं आणि गप्प राहिलो. पोतं कुजत गेलं आणि पाण्यातली हवा खात गेलं. तिसऱ्या सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळू लागले, आणि दुपारपर्यंत तळंभर पांढरी पोटं तरंगत होती. अंगात ताप असताना मामा काठावर येऊन बसला आणि येईल त्याला सांगत राहिला, "पानीच खराब निंगालं." लेकीचं नर्सिंग राहिलं ते राहिलंच.

गेल्या आठवड्यात अखेर मामाकडे गेलो. तळं कधीच बुजवलंय, तिथे आता वांगी आहेत. मामा वाफ्यात पाणी सोडत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मामा, तो कोंडा मी चाखलाच नव्हता."

"मले मालूम हाये. मासे मेले त्याच दिवशी उरलेल्या पोत्यातला मी चाखला."

"मंग पान्यावर काऊन ढकललं?"

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामाने फावडं खाली ठेवलं आणि खरोखरच वाकून माझ्या पायांना हात लावला. "भाच्याले नाव ठेवतेत काय? अन् म्हनलं, नाव घेतलं तर तू येनंच सोडून देशील."

काळाने सगळं निवतं म्हणतात. मला तसा अनुभव नाही. माझं येणं टिकावं म्हणून त्या माणसाने आपल्याच पाण्याला दोष दिला, आणि मधली सगळी वर्षं मी तिकडे फिरकलोही नव्हतो.