बाटली कुणाची

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही परळला चाळीत राहायचो. मुलगी सात वर्षांची. एक दिवस तिच्या पायांवर लाल ठिपके उठले. सासू मालवणची, म्हणाली, "ढेकणांनी खाल्ल्यानी गो चेडवाक!" खाट गॅलरीत काढली नि वर उकळतं पाणी ओतलं. ढेकूण मेले, ठिपके वाढले. मग गुडघे सुजले, पोटात कळा यायला लागल्या. उचलून इस्पितळात नेली.

डॉक्टरांनी काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून बघितला. लाली हटेना. "हिचा घसा धरला होता?"

धरला होता, पंधरा दिवसांमागं.

"घशातल्या जंतूंना मारायला अंगातली राखण उठली. जंतू गेले, पण राखण थांबेना. बारीक रक्तनळ्यांवरच तुटून पडली. नळ्या सुजल्या, रक्त झिरपलं. तेच हे ठिपके."

मला लगेच पटलं. त्या धामधुमीत चाळीच्या दारावर आमच्या पोरांची राखण असायची. त्यांनी पहिला चोप दिला तो आमच्याच दूधवाल्याला!

"तशाच नळ्या मूत्रपिंडात असतात," डॉक्टर म्हणाले. "ते गेलं तर पोर वाचणं कठीण. रोज लघवी तपासायला धाडा."

मला मिलमध्ये पहिली पाळी. बाटली भरायची सासूनं, पोचवायची आमच्या ह्यांनी. तीन दिवस निरोप आला, स्वच्छ आहे. मी देवापुढं नारळ ठेवला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी साखरही तपासली नि मलाच बोलावलं. "बाई, पोरीच्या लघवीत साखर कशी?"

घरी येऊन विचारलं, तर पोरगी तोंडात पदर कोंबून हसते. पदर सासूचा.

"माका काय बघतंस?" सासू भडकली. "चेडू बाटलीत मुतूक लाजता. डॉक्टराक रिकामी बाटली धाडू? माझीच भरून दिलंय!"

म्हणजे पोरीचं मूत्रपिंड कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाडा केला, पोरीला मोरीत बसवलं, बाटली स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी लघवी नळीत घालून उकळली. पांढरं धरलं तर मूत्रपिंडाला घात, असं ते म्हणाले. बघत राहिले. पाणी तसंच नितळ.

"ठीक आहे. पण महिनाभर आणत राहा. आणि ती साखरवाली कोण?"

सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले, मग म्हणाले, "त्यांनाही घेऊन या."

महिन्याभरात पोरीचे ठिपके विरले. सासूच्या चहातला गूळ मात्र कायमचा सुटला. मरेस्तोवर मला ऐकवायची, "दुखणा तुझ्या चेडवाक, नि पथ्य माका!"