दहाव्या दिवसाचं हॅलोविन

आमच्या बॉथेलच्या वसाहतीत हॅलोविन आता दुपारी चारला होतं. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या ओळीने उभ्या करतात, डिक्या उघडतात, त्यांत खोटी कोळिष्टकं लावतात, आणि मुलं एका डिकीकडून दुसऱ्या डिकीकडे जात चॉकलेटं गोळा करतात. पाऊण तासात सगळं उरकतं. अंधार पडायच्या आत मुलं घरी. रस्ता ओलांडायचा नाही, अनोळखी माणसाच्या दारात जायचं नाही. सोयीच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा नाही. मी स्वतः दोन वर्षं त्या समितीत होते, तेव्हा नावं ठेवायचा हक्क मला नाही. तरी ठेवते.

माझं लहानपण पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला गेलं. बाबा तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. आईला तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. आम्ही तिघं विद्यार्थ्यांसाठीच्या दोन खोल्यांत राहायचो. दोन रस्ते ओलांडले की प्राध्यापकांची, जुन्या रहिवाशांची घरं लागायची आणि हॅलोविनला आम्ही मुलं तिकडे जायचो. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. दारावरचा दिवा चालू असेल तर या, बंद असेल तर पुढे जा, एवढाच नियम. सोंगं घरीच बनवायची. बाजारात मिळायची, पण आमच्याकडे आपला हात जगन्नाथ. एका वर्षी आईच्या ओढण्यांची मी फुलपाखरू झाले होते. थंडीमुळे आईने वरून कोट चढवला आणि दारोदार मला विचारलं गेलं, तू कोण झालीस? कोट घातलेली मुलगी, दुसरं काय.

परत आल्यावर आई सगळा माल सतरंजीवर ओतायची आणि बाबांचं भिंग घेऊन एकेका वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची. प्राण्यांच्या हाडांपासूनचं जिलेटिन निघालं की ते बाजूला. त्या बाजूच्या ढिगावर वरच्या मजल्यावरची माझी कोरियन मैत्रीण टपलेलीच असायची. बदल्यात ती मला तिच्याकडची साधी चॉकलेटं द्यायची. हे सगळं मी माझ्या लेकीला इतक्यांदा सांगितलंय, की ती आता मध्येच म्हणते, "मॉम, यू टोल्ड मी." पण एका वर्षाचं हॅलोविन मी तिला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यात माझी लाज आहे.

मी आठ वर्षांची होते. ऑक्टोबरमध्ये नागपूरहून काकांचा फोन आला, की आजोबा गेले. बाबा तिकीट काढून पोचेपर्यंत तीन दिवस गेले असते. काका म्हणाले, थांबता येणार नाही, इथलं मी बघतो, तू तिथेच कर काय जमेल ते. बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ फोनपाशीच बसून राहिले. त्यानंतर आमच्या दोन खोल्यांत सुतक सुरू झालं. गोडाधोडाचं बंद, देवाची पूजा बंद. बाबा रोज बसने लॅबला जायचे, संध्याकाळी परत यायचे, जमिनीवर झोपायचे. गावात दुसरं एकच मराठी कुटुंब होतं आणि ते नेमकं त्या सत्रात भारतात गेलेलं होतं.

दहावा दिवस हॅलोविनलाच आला. त्या दिवशी सकाळी बाबांनी न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून स्वतःचं डोकं भादरलं. मागची बाजू आईने केली. तिला सवय कुठली असणार, चार-पाच ठिकाणी कापलं. रक्त थांबावं म्हणून तिने त्यावर हळद दाबली. मी दारातून बघत होते. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त चिंता वाटली, की आता संध्याकाळी मला नेणार कोण. भूत होण्यासाठी मी जुनी चादर काढून ठेवली होती, ती आईने फोन आला त्याच दिवशी कपाटात कोंबली होती. घरात सुतक असताना भुताचं सोंग नको, आणि सुतकात कुणाच्या दारातही जायचं नाही, असं तिने निक्षून सांगितलं होतं. मी दहा दिवस तोंड फुगवून होते, तेव्हा बाबांनी हळूच नेईन म्हणून कबूल केलं होतं.

संध्याकाळी बाबांनी लॅबमधून आणलेला एक खोका घेतला, त्याला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडली, स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला आणि मला रोबो केलं. आई म्हणाली, "अहो, आजच्या दिवशी?" बाबा म्हणाले, "पोरीला कबूल केलंय."

आम्ही निघालो. बाबांच्या अंगावर जुना ओव्हरकोट, गळ्याभोवती पांढरा पंचा. त्यांची लोकरीची टोपी होती, पण माझे कान गार पडले म्हणून ती त्यांनी रस्त्यातच माझ्या डोक्यावर ओढली. पहिल्या घरी एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. माझ्या खोक्याचं कौतुक केलं, मला चॉकलेट दिलं, मग दिव्याच्या उजेडात बाबांचं तुळतुळीत डोकं, त्यावरचे पिवळे डाग आणि पंचा पाहून म्हणाल्या, वा, आणि तुम्ही कोण झालात?

बाबा गप्प राहिले. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण ते गप्प राहिले. मी मात्र पटकन सांगून टाकलं, की हे साधू झालेत. बाई खूश झाल्या. त्यांनी बाबांच्या हातावरही एक चॉकलेट ठेवलं आणि बाबा "थँक यू" म्हणाले.

मग मला चेवच चढला. दुसऱ्या घरी मी सांगितलं, की हे हिमालयातून आलेले साधू आहेत. तिसऱ्या घरी, की ते तीस वर्षं जेवलेले नाहीत. एका घरातल्या माणसाने बायकोला आणि मुलांना हाका मारून बोलावलं आणि सगळं कुटुंब दारात गोळा होऊन बाबांकडे बघून हसलं. मीही हसले. आठ वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं म्हणून यातून सुटता येत नाही. आजोबा गेलेत हे मला कळत होतं. डोकं कशासाठी भादरलं हेही आईने मला सकाळीच सांगितलं होतं. माझ्या बापाच्या दुःखाचं मी सोंग केलं आणि दारोदार त्यावर चॉकलेटं मिळवली.

घरी आल्यावर बाबांनी त्यांच्या वाट्याची चॉकलेटं माझ्यासमोर ठेवली आणि ते हातपाय धुवायला गेले. त्या दिवशी भिंग निघालं नाही. मी एकटीनेच ती खाल्ली, जिलेटिन असलेली धरून.

त्यानंतर बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी मोठी होत गेले तसतशी ती संध्याकाळ मला जास्त बोचू लागली. कॉलेजात असताना एकदा, लग्नाच्या आधी एकदा, लेक झाली तेव्हा एकदा, माफी मागावी असं ठरवलं आणि दर वेळी शेपूट घातली. जनाची नाही, पण मनाची लाज होती आणि ती काही केल्या जात नव्हती.

या एप्रिलमध्ये आई गेली. स्टेट कॉलेजचं घर बंद करून बाबांना मी बॉथेलला आणलं. आता इथे मराठी माणसांना तोटा नाही. सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी फोनवर हात जोडलेली चित्रं पाठवली. डब्यांची सोय अॅपवरून झाली, डबे पायरीवर येऊन पडायचे. व्हिडिओ कॉलवर प्रार्थनासभा झाली, तिला पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या जर्सीपासून लोक होते. येऊ का भेटायला, असं बऱ्याच जणांनी विचारलंही. त्यांना मीच लिहिलं, प्लीज, फॉर्मॅलिटी नको, तुम्ही सगळे बिझी असता. मला वाटलं, बाबांना त्रास नको.

बाबा पहिले काही दिवस रोज संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आणून समोर ठेवायचे. मी त्या परत जागेवर नेऊन ठेवायचे. पुढे त्यांनी खुर्च्या आणणं सोडलं. त्यानंतर ते फार बोलेनासे झाले.

यंदाच्या हॅलोविनला मी, लेक आणि बाबा शाळेच्या पार्किंगमध्ये जाऊन आलो. पाचच्या आत घरी. लेक पिशवी घेऊन वर तिच्या खोलीत गेली. मी रिवाजाप्रमाणे चॉकलेटांचं भांडं आणि "एकच घ्या" अशी चिठ्ठी पायरीवर ठेवली. बाबा बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते.

"आता येतील ना मुलं?" त्यांनी विचारलं.

"नाही येत बाबा हल्ली. आली तरी भांड्यातून घेऊन जातात, बेल कुणी वाजवत नाही."

ते "बरं" म्हणाले. ते "बरं" ऐकून मला राहवेना. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. साधू, हिमालय, तीस वर्षांचा उपास. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चाळिशी उलटलेली बाई, आणि बोलत होते मात्र आठ वर्षांच्या मुलीसारखी.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी शेजारीच उभा होतो की. मला सगळं ऐकू येत होतं."

"मग तुम्ही मला गप्प का नाही केलंत?"

"अगं, तुला काय वाटलं, मी तुझ्यासाठी आलो होतो?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नागपूरला असतो तर घर भरलं असतं. नको म्हटलं तरी माणसं येतात, काही बोलत नाहीत, बसतात आणि जातात. इथे दहा दिवस आमच्याकडे कुणी आलं नाही. त्यांचा दोष नाही, मी लॅबमध्ये कुणाला सांगितलंच नव्हतं. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. तुझी आई म्हणाली, सुतकात कुणाच्या दारात जायचं नाही. आणि मला दारातच जायचं होतं. त्या संध्याकाळी सगळी दारं उघडत होती. माणसं समोर येऊन उभी राहत होती, बोलत होती. का हसत होती, याच्याशी मला काय करायचं होतं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"तुझी आई गेल्यावर मी रोज इथे बसलो. कुणी आलं नाही. आता कुणाच्या दारात जायचं, तेवढं सांग."

लोकांना यायचं होतं बाबा, मी नको म्हणाले, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी उठले आणि त्यांना बूट घालायला सांगितले. लेकीला जिन्यातून हाक मारून सांगितलं, की आम्ही शेजारी जातोय. त्या घराची आणि आमची भिंत एक आहे. तिथे राहणाऱ्या बाईंशी नऊ वर्षांत माझं बोलणं कचऱ्याच्या डब्यांपलीकडे गेलेलं नव्हतं. त्यांच्याही पायरीवर भांडं होतं, चिठ्ठी होती. मी बेल वाजवली. बेलमधल्या कॅमेऱ्यातून त्यांचा आवाज आला, "हॅपी हॅलोविन, प्लीज टेक वन."

मी इंग्रजीत म्हणाले, की आम्ही कॅन्डीसाठी आलेलो नाही. मी शेजारची. माझी आई एप्रिलमध्ये गेली. हे माझे वडील. त्यांना थोडा वेळ कुणाकडे तरी बसायचंय.

आवाज बंद झाला. बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मला वाटलं आता परत फिरावं लागणार आणि या वयात मी त्यांना दुसऱ्यांदा भलत्याच प्रसंगात आणून उभं केलं. मग आत पावलं वाजली, कुलूप सरकलं आणि दार उघडलं. त्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

बाबांनी दाराशीच बूट काढले आणि आत जाऊन बसले.