बिरूमामांचा चारा

बिरूमामांना उपाशी जीव बघवत नसे. सोलापुरात आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते शिपाई होते, पण निम्मा दिवस त्यांचा घास वाटण्यातच जाई. खिडकीतल्या चिमण्यांना ज्वारी, फाटकातल्या कुत्रीला भाकरी आणि डबा विसरणाऱ्या माझ्यासारखीला कडक भाकरी-शेंगाचटणी. नको म्हटलं की म्हणायचे, "मागितल्यावर कुनीबी घालतंय की, ताई. मागायच्या आदी घालावं." मी मुकाट्याने खात असे. चटणी होतीच तशी.

मामांचं घर मंद्रूपला, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं. पाठीवरून नुसता हात फिरवून मेंढराच्या अंगावर चरबी किती, हे ते सांगत. माझ्या प्रयोगातल्या गोलकृमींवर हात फिरवता येईना, याचं त्यांना भारी वाईट वाटे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे ते किडे! प्लेटमध्ये जिवाणूंचा थेंब टाकायचा, तो खाऊन ते वाढायचे. माझ्याकडच्या एका वाणात एकच जनुक बिघडलेलं होतं आणि ते किडे बुटकेच राहत. वाढ खुंटते तेव्हा चरबीही जास्त साठते का, एवढाच माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा प्रश्न होता.

मामांच्या घरातही एक बुटकं माणूस होतं. नात रेणू, सात वर्षांची. उंचीने पाच वर्षांच्या पोरींत खपायची, अंगाने मात्र गुबगुबीत. सून पोरीला नीट खायला घालत नाही, असं सगळं घर म्हणे आणि मामाही म्हणत. स्वतः समोर बसून तिला तूप-भाकरी चारत. दर अमावस्येला तिला चौकटीशी उभं करून खडूने रेघ ओढत. वर्षभर रेघेवर रेघच पडत होती. "वर सरकंना बगा," एवढंच म्हणून ते प्लेटा धुवायला लागत.

प्रकल्प संपत आला. चरबीला लाल रंग देऊन मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर बुटक्या किड्यांत लालच लाल! माझे मार्गदर्शक सर खूश, मी तर हवेत. दुसऱ्या दिवशी मामा टोपी हातात घेऊन समोर उभे.

"ताई, तसं लिवू नका. त्या बारक्यांना म्या जादा चारा घातलाय. रोज, तुमी घरला गेल्यावर."

माझं डोकंच फिरलं. "अहो मामा, ती काय मेंढरं आहेत? वाट लावलीत माझ्या प्रयोगाची!"

"जीव हायेत की," ते म्हणाले. "लई बारकी दिसत हुती."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर गप्प बसावं, कुणाला कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं. पण शिपायाने खरं बोलावं आणि मी लपवावं? लाज वाटली. सरांना सांगितलं आणि सगळं पुन्हा मांडलं. या वेळी बुटक्या आणि साध्या अशा दोन्ही वाणांच्या निम्म्या प्लेटांना मुद्दाम जादा चारा, निम्म्यांना नेहमीएवढा. चारा घालायचं काम मामांनाच दिलं. प्रत्येक थेंबापुढे ते वहीत सही करत.

तीन आठवड्यांनी मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. जादा चाऱ्याने बुटके तसूभरही वाढले नव्हते. त्यांच्यातली चरबी मात्र साध्यांपेक्षा जास्तच, जादा खाल्लेल्यांतही आणि न खाल्लेल्यांतही. मामा बराच वेळ डोळा लावून बसले.

"म्हंजे चाऱ्याचा दोष न्हाय. आतलंच कायतरी बिगाडलंय."

"हो."

"माणसातबी असं असंल?"

"किड्यांवरून रेणूचं सांगता येत नाही, मामा," मी म्हणाले. "पण ती उपाशी नाही, एवढं दिसतंय. तिला मोठ्या डॉक्टरांकडे न्या."

त्यांनी नेलं. थायरॉईड कमी पडत होतं. रोज सकाळी एक छोटी गोळी, एवढाच उपाय. त्या संध्याकाळी घरी जाऊन मामांनी सगळ्यांदेखत सुनेला म्हटलं, "पोरी, चुकलो. तुझा काय दोष नव्हता." ती चुलीपुढे बसून रडली, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते.

मामा मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार घालून घेतला आणि जाता जाता माझ्या प्लेटांवर नजर टाकलीच. मी आता त्याच विभागात शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत पहिला रकाना असतो, 'आज चारा कोणी घातला?' पोरं हसतात. हसू देत.

परवा अमावस्येला मोबाइलवर मामांनी पाठवलेला फोटो आला. चौकटीवर जुन्या रेघांचा पांढरा गठ्ठा, आणि त्याच्या वर एकेक करत चढत गेलेल्या नव्या रेघा. सर्वांत वरची चांगली वीतभर उंच. मी लगेच फोन लावला.

"मामा, केवढी वाढली हो!"

"व्हय की," पलीकडून मामा हसले. "आन् चारा तेवढाच हाय, ताई."