खंडेनवमीची फुलं

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

मी विश्रामबागेत राहतो, नेटवर्कची कामं करतो. माझ्या हातचं सहसा बिघडत नाही. ही बढाई नाही, खरंच आहे. कोरेगावजवळच्या एका दूध डेअरीत लिनक्सचं मशीन मीच बसवलं. त्यावर सुनंदाताई बसायच्या — कॅन धुता धुता संगणक शिकलेल्या. रोजचा हिशेब त्या मशीनवरून सांगलीच्या ऑफिसला पाठवायच्या.

खंडेनवमीला त्यांनी मशीन बंद केलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. पुन्हा चालू केलं, तर सांगली लागेना. मला बोलावणं आलं.

एका नजरेत कळलं. गेटवे, म्हणजे मशीननं बाहेर जायचा पत्ता, मी बसवताना नुसत्या कमांडनं दिला होता. तो मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. कायमचा हवा तर सेटिंगच्या फाइलीत लिहावा लागतो — आणि मी, एवढा पट्टीचा माणूस, तेच विसरलो होतो. मशीन बंद झालं ते पहिल्यांदाच, पूजेसाठी.

मागे चेअरमन उभे. "काय झालं?" एवढंच विचारलं त्यांनी. 'माझं चुकलं' म्हणायला किती वेळ लागतो? मी मशीनचं झाकण काढलं, कोरडंठाक कार्ड फडक्यानं पुसलं — हो, नाटकच ते — आणि म्हणालो, "पूजेचं पाणी गेलं आत." मग गुपचूप फाइलीत पत्ता लिहिला.

"आवं सायेब, मी नुसतं कुंकू लावलं. थेंब न्हाई सांडला," सुनंदाताई म्हणाल्या. माझ्याकडेच बघत होत्या. मी स्क्रू आवळत राहिलो. चेअरमननी त्यांना परत कॅन धुवायला पाठवलं.

पुढच्या खंडेनवमीला मी तिथं होतो. त्या दारापाशीच थांबल्या, ओल्या हातानं फुलं पुढं केली. "तुमीच वाहा. मला आत यायला बंदी हाय."

मी घेतली. मशीन बंद केलं, फुलं वाहिली, चालू केलं. सांगली लगेच लागली. लागणारच होती.

"बगा सुनंदाबाई," चेअरमन म्हणाले, "पूजा अशी करायची असती."

सुनंदाताईंनी मान हलवली. मी हसलो — आणि पेढा घेतला.